वर्षाला १३ हजार किलोमीटर होणार असतील तर डिझेल गाडी घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. राहायला वाकड, ऑफिस हिंजवडीत, एका बाजूला सात किलोमीटर. महिन्यातून एकदा आई-वडिलांना घेऊन लातूरजवळच्या गावी जाणं. घरात माणसं पाच. छोटी किंवा मध्यम एसयूव्ही घ्यायची आहे आणि ती निदान आठ-दहा वर्षं ठेवायची आहे. दर आठवड्याला पुणे-कोल्हापूर करणारा मित्र म्हणतो, डोळे झाकून डिझेल घे. वडील म्हणतात, डिझेलला खर्च निम्मा येतो. शोरूममधला मुलगा म्हणतो, सर, आता डिझेल कोण घेतं? तिघांची तीन मतं ऐकून तुमचा निर्णय अडला आहे.

मी साताऱ्यात हायवेलगत गॅरेज चालवतो. सुरुवात जुन्या डिझेल इंजिनांच्या पंप-नोझलच्या कामापासून झाली, मग कॉम्प्युटरने डिझेल फवारणारी कॉमनरेल इंजिनं आली, आता निम्मा दिवस हातात स्कॅनर असतो. पुण्याकडच्या आणि कराड-कोल्हापूरकडच्या अशा दोन्ही गाड्या माझ्याकडे येतात. त्यामुळे एकच इंजिन दोन तऱ्हेच्या वापरात कसं दिसतं, ते रोज बघायला मिळतं. त्या जोरावर आधीच सांगून टाकतो: तुम्ही लिहिलाय तसाच वापर राहणार असेल तर पेट्रोल घ्या. डिझेल इंजिन मला मनापासून आवडतं, आणि ज्याच्या कामाला ते बसतं त्याला आजही मी दुसरं काही सुचवत नाही. तुमच्या कामाला ते बसत नाही. का बसत नाही ते सविस्तर सांगतो, म्हणजे उद्या नोकरी किंवा घर बदललं तर तुमचं तुम्हालाच पुन्हा ठरवता येईल.

आधी वडिलांचं म्हणणं घेऊ, कारण ते चुकीचं नाही, जुनं आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात दिल्लीच्या भावाने पेट्रोल लिटरला ७३ रुपयांच्या घरात गेलं होतं आणि डिझेल ४१ रुपयांच्या आत होतं. पेट्रोलचे भाव सरकारने जून २०१० मध्येच मोकळे केले होते, डिझेलवर मात्र सबसिडी चालू होती. पेट्रोल गाडी लिटरला १६ आणि डिझेल गाडी २० किलोमीटर देते असं धरलं, तर तेव्हा पेट्रोलचा खर्च किलोमीटरला साडेचार रुपये आणि डिझेलचा दोन रुपये पडायचा. म्हणजे निम्म्याहूनही कमी. त्या काळात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या, ते उगीच नाही. मग ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचेही भाव मोकळे झाले. आता पुण्यात पेट्रोल साधारण १०४ आणि डिझेल ९१ धरा, म्हणजे फरक १३ रुपयांच्या आसपास. त्याच अ‍ॅव्हरेजने आज हायवेवर पेट्रोलला किलोमीटरमागे साडेसहा रुपये आणि डिझेलला साडेचार रुपये पडतात. बचत आजही आहे, पण निम्म्याची गोष्ट संपली.

आता तुमचा हिशेब मांडतो. यातले आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या मॉडेलचे घालून पुन्हा करून बघा. त्याच गाडीचं, त्याच व्हेरियंटचं पेट्रोल मॉडेल १२ लाखांना असेल तर डिझेल सव्वातेरा लाखांच्या आसपास असतं. ही झाली एक्स-शोरूम किंमत. त्यावर महाराष्ट्रात रोड टॅक्सचा दर डिझेलला दोन टक्के जास्त आहे: दहा ते वीस लाखांच्या गाडीला पेट्रोलवर १२ टक्के आणि डिझेलवर १४ टक्के. म्हणजे पेट्रोलचा टॅक्स १ लाख ४४ हजार आणि डिझेलचा १ लाख ८५ हजारांच्या पुढे. हा चाळीस हजारांचा फरक कोटेशनच्या तळाशी असतो आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. इन्शुरन्सही जरा जास्त. सगळं धरून ऑन रोड फरक १ लाख ७० हजारांपर्यंत जातो. गाडी हप्त्यांवर घेणार असाल तर या जादा रकमेवर ९ टक्के दराने पाच वर्षांत ४० हजारांच्या वर व्याज जातं, तेही धरा.

याच्या बदल्यात मिळतं काय? तुमचं ऑफिस आणि इकडचंतिकडचं मिळून वर्षाला पाच हजार किलोमीटर शहरात, आणि गावाच्या बारा फेऱ्यांचे आठ हजार हायवेवर. हायवेवर किलोमीटरला दोन रुपयांच्या जवळपास वाचतात. शहरात पेट्रोल १२ आणि डिझेल १५ देतं असं धरलं, तर अडीच रुपयांच्या थोडे वर. वर्षाची बचत २८-२९ हजार. त्यातून सर्व्हिसिंगचा जादा खर्च वजा करा. डिझेलला इंजिन ऑइल जास्त लागतं आणि ते चांगल्या ग्रेडचं लागतं, डिझेल फिल्टर ठरावीक अंतराने बदलावा लागतो आणि बऱ्याच मॉडेलांना धुरातले विषारी वायू कमी करणारं युरियाचं द्रावणही भरावं लागतं. हातात उरतात २३-२४ हजार. म्हणजे १ लाख ७० हजार वसूल व्हायला सात वर्षं, व्याज धरलं तर जवळपास नऊ. आणि या हिशेबात एकही मोठी दुरुस्ती धरलेली नाही.

तुमच्या मित्राचं गणित याच आकड्यांनी करू. दर आठवड्याला पुणे-कोल्हापूर-पुणे म्हणजे वर्षाला हायवेचेच २३ हजार किलोमीटर, वर शहरातले तीन हजार. बचत ५२ हजारांच्या पुढे. सर्व्हिसिंग वर्षातून दोनदा होईल, त्याचे जादा आठ हजार काढले तरी ४४ हजार उरतात. चार वर्षांच्या आत त्याचा फरक फिटतो आणि पुढची सगळी वर्षं फायद्याची. त्याचा सल्ला त्याच्यापुरता शंभर टक्के बरोबर आहे.

आतापर्यंत पैशांचं बोललो, आणि बहुतेक लोक इथेच थांबतात. वर्षाला १५ हजार किलोमीटरच्या वर डिझेल, खाली पेट्रोल, असा एक ठोकताळा सगळीकडे ऐकू येतो. गॅरेजमध्ये बसून बघताना मला तो अपुरा वाटतो. बीएस-६ म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे सध्याचे नियम पाळणाऱ्या डिझेल गाडीला तुम्ही वर्षाला किती चालवता यापेक्षा, दर वेळी किती वेळ सलग चालवता, हे जास्त लागू पडतं.

कारण सांगतो. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झालं आणि डिझेल गाडीच्या सायलेन्सर लाइनमध्ये डीपीएफ आला. हा काजळी अडवणारा फिल्टर असतो, बारीक बारीक नळ्यांची सिरॅमिकची जाळी. धूर त्यातून गाळला जातो आणि काजळी आत साठते. ती साठली की जाळून टाकावी लागते, त्याला रीजनरेशन म्हणतात. काजळी जळायला फिल्टरमध्ये साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. हायवेवर इंजिन लोडवर चालत असतं, धूर गरम असतो, त्यामुळे काही काजळी चालता चालता जळते आणि उरलेलीसाठी गाडीचा कॉम्प्युटर मधूनमधून जादा डिझेल फवारून तापमान वर नेतो. हे काम पुरं व्हायला पंधरा-वीस मिनिटं गाडी चांगल्या वेगात चालू राहावी लागते.

आता तुमची वाकड-हिंजवडीची सकाळ बघा. सात किलोमीटर, त्यात अर्धा वेळ गाडी उभी किंवा पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. डिझेल इंजिन तापायला तसंही पेट्रोलपेक्षा जास्त वेळ घेतं. ते नीट तापेपर्यंत तुमचं पार्किंग येतं. गाडीने रीजनरेशन सुरू केलं असेल तर तुम्ही चावी फिरवून ते अर्ध्यात तोडता. संध्याकाळी पुन्हा सुरू, पुन्हा अर्ध्यात. काजळी वाढत जाते, डॅशबोर्डवर दिवा लागतो. तरी दुर्लक्ष झालं तर गाडीचा जोर कमी होतो आणि ती रांगत गॅरेजला येते.

अर्धवट तुटलेल्या रीजनरेशनचा आणखी एक परिणाम आहे, तो दिव्याइतका दिसत नाही म्हणून जास्त वाईट. रीजनरेशनसाठी जे जादा डिझेल सिलेंडरमध्ये फवारलं जातं, त्यातलं काही न जळता भिंतीवरून ओघळतं आणि खाली इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. साताऱ्यातल्याच एका डॉक्टरांची गाडी मी बघतो. घर ते दवाखाना तीन किलोमीटर, रविवारी गाडी उभीच. एकदा डीपीएफचा दिवा लागला म्हणून त्यांनी आणली. मी आधी डिपस्टिक काढली, फडक्याने पुसली, पुन्हा घालून काढली. ऑइल कमाल खुणेच्या बोटभर वर. डॉक्टर म्हणाले, ऑइल कमी तर झालं नाही, चांगलंच आहे की. मी पट्टीवरचं ऑइल दोन बोटांत चोळायला दिलं. पाण्यासारखं पातळ लागत होतं आणि डिझेलचा वास स्पष्ट येत होता. असं पातळ ऑइल टर्बोच्या आणि क्रँकच्या बेअरिंगांना पुरेसं वंगण देऊ शकत नाही. त्यातच टर्बो मिनिटाला लाखावर फेऱ्यांनी फिरणारा. ऑइल आणि फिल्टर बदलला, मग गाडी शेडबाहेर उघड्यावर, वाळलं गवत नसलेल्या जागी उभी करून स्कॅनरने फोर्स रीजनरेशन केलं. इंजिन आपोआप रेझ होतं, सायलेन्सरजवळ उभं राहवत नाही इतकी धग असते. दिवा गेला. पण त्यांचा वापर तोच राहिला, त्यामुळे दुखणंही तेच राहिलं. गाडीत दोष काहीच नव्हता. तीन किलोमीटरच्या कामाला ते इंजिन चुकीचं होतं, आणि हे त्यांना घेतानाच कोणीतरी सांगायला हवं होतं.

तुमची स्थिती त्यांच्याइतकी वाईट नाही, हे मान्य करायला हवं. महिन्यातून एकदा लातूरला जाताय म्हणजे सोलापूर रस्त्याने टेंभुर्णी, बार्शी करत तीनशेच्या वर किलोमीटर सलग. त्यात डीपीएफ स्वच्छ धुऊन निघावा तसा साफ होईल. पण दोन फेऱ्यांच्या मधले चार आठवडे? पावसाळ्यात एखादी फेरी चुकली तर सात-आठ आठवडे? त्या काळात गाडी फक्त वाकड-हिंजवडी करणार. शनिवारी-रविवारी मुद्दाम एक्सप्रेस वेवर तीसेक किलोमीटर चालवून आणायची शिस्त असेल तर निभेल. काही लोक ती मनापासून पाळतात. तुम्हाला नोकरी, मूल आणि वयस्कर आई-वडील सांभाळून ती दहा वर्षं पाळता येईल का, हे तुम्हीच ठरवा. फिल्टरसाठी गाडी फिरवण्यात जे डिझेल जाईल तेही बचतीतून वजा होणार.

डीपीएफ बदलायची वेळ आली तर मॉडेलप्रमाणे पन्नास-साठ हजारांपासून लाखाच्या वर बिल जातं. डिझेल फवारणारा एक इंजेक्टर पंधरा-वीस हजारांचा, असे चार. तुमची दोन-तीन वर्षांची बचत एका बिलात जाते. नीट चाललेल्या गाडीत हे खर्च लाख-दीड लाख किलोमीटरपर्यंत येतही नाहीत. थंड इंजिनाने तुकड्यातुकड्यात चाललेल्या गाडीत ते आधी येतात.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो, कारण दिवा लागला की हा सल्ला तुम्हाला कोणीतरी देणारच. डीपीएफ काढून टाका, आतली जाळी फोडून सॉफ्टवेअर बदलून देतो, दिवा पुन्हा लागणार नाही, असं म्हणणारे आहेत. माझ्याकडेही विचारणा होते आणि मी नाही म्हणतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असे फेरफार करता येत नाहीत, वॉरंटी जाते, हे तर आहेच. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला. बंद शेडमध्ये त्या धुरात आम्ही मेकॅनिक लोकांनी उमेदीची वर्षं काढली आहेत. जो फिल्टर ही काजळी अडवतो तो काढून, तीच गाडी सोसायटीच्या बेसमेंटमध्ये आपल्या मुलाशेजारी सुरू करायची, हे मला कोणत्याही बचतीसाठी पटत नाही. फिल्टर झेपत नसेल अशा वापराला डिझेल घेऊच नका.

आता डिझेलची जमेची बाजू. ती खरोखर मोठी आहे आणि आजकाल तिला उगाच कमी लेखतात. क्रेटाचंच उदाहरण घ्या. तिचं दीड लिटरचं साधं पेट्रोल इंजिन ११५ पीएस ताकदीचं आणि दीड लिटरचं डिझेल ११६ पीएसचं. कागदावर सारखीच. पण टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, बघा: पेट्रोलचा १४४ न्यूटन-मीटर, डिझेलचा २५०, आणि तोही कमी आरपीएमवर. पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू, समोर कुंभार्ली किंवा आंबा घाट. डिझेल तिसऱ्या गिअरमध्ये शांतपणे चढतं, साध्या पेट्रोलला दुसरा घालून रेझ करावं लागतं. डिझेलमध्ये लिटरमागे ऊर्जाच दहा टक्क्यांच्या वर जास्त असते आणि हे इंजिन हवा जास्त दाबून काम करतं, म्हणून अ‍ॅव्हरेजही टिकून राहतं. भरलेल्या गाडीने हायवेवर पेट्रोलचं, विशेषतः टर्बो पेट्रोलचं अ‍ॅव्हरेज जितकं झपाट्याने पडतं तितकं डिझेलचं पडत नाही. एका टाकीत आठशे किलोमीटर जाणं ही डिझेलवाल्याची रोजची गोष्ट आहे.

तुमचं गाव कोकणात असतं, महिन्यातून तीन फेऱ्या ताम्हिणी किंवा वरंध घाटातून असत्या, तर मी हे उत्तर वेगळं लिहिलं असतं. तुमच्या वाटेवर येडशीकडचा बालाघाटाचा चढ सोडला तर रस्ता जवळपास सपाट आहे. तिथे डिझेलचा टॉर्क सुखाचा वाटेल, पण त्यावाचून अडणार नाही. पाच माणसांनी भरलेली गाडी ओव्हरटेकला जड पडेल अशी भीती असेल तर त्याच मॉडेलचं टर्बो पेट्रोल चालवून बघा. क्रेटाच्या टर्बो पेट्रोलचा टॉर्क २५३ आहे, म्हणजे डिझेलच्या बरोबरीचा. फक्त ते पळवलं की पेट्रोल पितं, आणि त्याची किंमतही बहुधा डिझेलच्या जवळ जाते. सपाट रस्त्यावर शांतपणे चालवणाऱ्याला साधं पेट्रोल पुरतं.

पेट्रोलच्या बाजूनेही काही झाकून ठेवत नाही. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं पडतं. नव्या गाड्या त्या इंधनासाठी जुळवलेल्या आहेत, त्यांना नुकसानीची भीती नाही, पण कंपनीच्या ब्रोशरमधला आकडा विसरा. मी वर १२ आणि १६ धरले ते म्हणूनच. डिझेलमध्ये सध्या असं मिश्रण नाही, हा त्याचा छोटासा फायदा धरा.

दहा वर्षांचा विचार करताय म्हणून नियमांचं बोलू. दहा वर्षांनी डिझेल गाडी भंगारात, ही जी भीती घरोघरी बसली आहे ती दिल्ली-एनसीआरची आहे. तिथे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला दुजोरा दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने केवळ वयावरून मालकांवर कारवाई करू नका, असं सांगितलं, आणि डिसेंबर २०२५ मध्ये ही सवलत बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरती ठेवली. महाराष्ट्रात अशी बंदी नाही. खासगी गाडीचं पासिंग १५ वर्षांचं, मग तपासणी आणि पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. मात्र जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबई परिसरातल्या पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा विषय काढला आणि राज्य सरकारने त्यावर समिती नेमली. पुढे शहरांत काही निर्बंध आलेच तर पहिली पाळी जुन्या डिझेल गाड्यांची येईल, असं मला वाटतं. विकताना शहरी गिऱ्हाईक याच शंकेने कचरतं. ग्रामीण भागात मात्र चांगल्या ठेवलेल्या डिझेलला आजही गिऱ्हाईक उभं असतं.

निवडही आता कमी झाली आहे. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं, फोक्सवॅगन, स्कोडा, रेनो त्याच सुमारास थांबले, होंडा २०२३ मध्ये. टाटा, महिंद्रा, ह्युंदाई, किया आणि मोठ्या गाड्यांत टोयोटा, हे डिझेल विकतात आणि त्यांची आजची इंजिनं चांगली आहेत. म्हणजे सुट्या भागांची चिंता करायला नको.

तुम्ही जाता जाता विचारलंय की २०१७-१८ ची बीएस-४ डिझेल सेकंडहँड घेतली तर? तिच्यात बहुधा डीपीएफ नसतो, त्यामुळे हा सगळा त्रास नाही, आणि किंमत निम्म्यावर असते. पैशांच्या हिशेबाने विचार वाईट नाही. पण बघायला सकाळी जा, मालकाला आधी गाडी सुरू करू देऊ नका. थंड इंजिन एका सेल्फमध्ये सुरू होतं का, सुरू होताना पांढरा किंवा निळा धूर येतो का, बघा. मग चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण सैल करा. तिथून फसाफस वाफ येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत, गाडी तिथेच सोडा. चौथ्या गिअरमध्ये कमी वेगातून दाबून बघा, टर्बोची शिट्टी वाजते का, क्लच सुटतो का. आणि दिल्ली-हरियाणाचा नंबर असलेली स्वस्त गाडी दाखवली तर एनओसी, इथला रोड टॅक्स आणि पासिंगचा सगळा खर्च कागदावर मांडल्याशिवाय बयाणा देऊ नका. दिसते तेवढी स्वस्त ती पडत नाही.

सीएनजीचं आणि हायब्रिडचं थोडक्यात. सीएनजी किलोमीटरला सगळ्यात स्वस्त, तुमच्या ऑफिसच्या फेऱ्यांना उत्तम, पण बहुतेक मॉडेलांत डिकी जाते आणि रांगेत वेळ जातो. आई-वडिलांचं सामान, परतीला गावाकडून येणारी धान्याची पोती, हे बघता तुम्हाला अडचण होईल. स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बॅटरीवरची मोटरही गाडी ओढते ते, वाकडच्या ट्रॅफिकमध्ये फार चांगलं चालतं, कारण तिथेच त्याची मोटर कामाला येते. तुमच्या बजेटमध्ये बसत असेल तर जरूर बघा.

मी माझं मत कशाने बदलेन तेही सांगून ठेवतो. रोजचा प्रवास पंचवीस-तीस किलोमीटर सलग, मोकळ्या रस्त्याने होणार असेल. गावाच्या फेऱ्या महिन्याला तीन-चार होणार असतील. किंवा ऑफिसला तुम्ही कंपनीच्या बसने वा स्कूटरने जाणार आणि गाडी फक्त लांबच्या प्रवासाला काढणार असाल. तिसऱ्या परिस्थितीत डीपीएफ ठणठणीत राहील, पण वर्षाला नऊ हजार किलोमीटरमध्ये पैसे वसूल होणार नाहीत. टॉर्कच्या सुखासाठी मोजले म्हणा. त्यातही काही गैर नाही.

आणि हे सगळं वाचूनही डिझेलच घ्यायचं ठरलं, तर काही सवयी लावा. डिपस्टिक दर पंधरा दिवसांनी सपाट जागी, थंड इंजिनावर बघा. पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका, ऑइल बदला. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या कमी राखेच्या ग्रेडचंच घाला, कारण ऑइलची राख डीपीएफमध्ये बसली की ती कोणत्याही रीजनरेशनने जळत नाही. गाडी थांबवताना आयडल आरपीएम नेहमीपेक्षा जास्त वाटले, पंखा जोरात चालू असला आणि गरम वास आला, तर रीजनरेशन चालू आहे असं समजा. शक्य असेल तर दहा-पंधरा मिनिटं आणखी फिरवून मगच बंद करा. डिझेल वर्दळीच्या पंपावरच भरा, रस्त्याकडेला मिळणाऱ्या स्वस्त ‘बायोडिझेल’च्या वाटेला जाऊ नका, इंजेक्टर त्यानेच मरतात. युरियाची टाकी वेगळी असते, तिचं द्रावण चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर गाडी सुरू न करता टोइंग बोलवा.

बुकिंगआधी शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्ह मागाल तेव्हा दुपारी मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका. सकाळी नऊला, आई-वडिलांना मागे बसवून, एसी लावून तुमच्याच ऑफिसच्या रस्त्याने पेट्रोल आणि डिझेल दोन्ही चालवा. परत आल्यावर दोन्हींचं ऑन रोड कोटेशन लेखी घ्या, रोड टॅक्स वेगळा दाखवलेलं. आणि डीपीएफ, इंजेक्टर वॉरंटीत किती वर्षं येतात आणि शहरातल्या वापराने फिल्टर चोंदला तर तो वॉरंटीत धरतात का, याचं उत्तर तोंडी न घेता वॉरंटी पुस्तिकेत बोट ठेवून दाखवायला सांगा.